धर्माजींचा नंबर लाल झाला

गुडघ्यांनी होडीवर चढायला नकार दिला, तेव्हापासून काशीदच्या धर्माजींकडे घरातलं एकच काम उरलं. फोन उचलणं. घरामागच्या वाडीत मुलाने, गणराजने, पर्यटकांसाठी चार खोल्या बांधल्या आणि रस्त्यावर पाटी लावून तिच्यावर वडिलांचा नंबर रंगवला. स्वयंपाक बायको बायजाकडे, खोल्या सून रुचिकाकडे, बाजारहाट गणराजकडे आणि फोन धर्माजींकडे. फोन ते शर्टाच्या खिशात ठेवत आणि खिशावर हात ठेवत. सरकारी तिजोरीच्या पहारेकऱ्याला त्यांच्यापासून शिकण्यासारखं बरंच होतं.

खोल्या भाड्याने देणाऱ्या घराला फोन करतो तो अनोळखीच असतो. ओळखीचा माणूस ओटीवर फुकट झोपतो. त्यामुळे अनोळखी नंबर दिसला की घरात धावपळ उडे. टीव्ही बंद, मिक्सर बंद. धर्माजी घसा खाकरून म्हणत, "बोला, काशीदवरनं धर्माजी बोलतोय." आणि पलीकडून आवाज येई, "सर, तुम्हाला पर्सनल लोनची आवश्यकता आहे का?"

दुसऱ्या कोणी फोन आपटला असता. धर्माजींच्या हातून ते होत नसे. दारात आलेल्याला पाणी न विचारता परत पाठवत नाहीत, मग कानात आलेल्याला कसं पाठवायचं? ते शेवटपर्यंत ऐकत. क्रेडिट कार्डवाल्याला "कार्ड नको, पण तुम्ही या एकदा, सुरमई खाऊ," असं आमंत्रण देत. पालीजवळ प्लॉट विकणाऱ्याला त्यांनी विचारलं, की विहिरीला मे महिन्यात पाणी असतं का? त्याला ते ठाऊक नव्हतं. मग धर्माजींनी त्याला चांगलं खडसावलं आणि आधी जाऊन बघून ये, मग मला फोन कर, असं बजावलं. विम्याच्या मुलीने हळुवार आवाजात विचारलं, "सर, तुमच्यानंतर घराचं कोण बघणार?" धर्माजी म्हणाले, "बायजा. आत्ता पन तीच बघते."

एका शनिवारी विम्याचं हे असं रंगात आलेलं असताना पुण्याच्या लोकांच्या दोन गाड्या पाटीसमोर उभ्या राहून फोन लावत होत्या. लाईन लागेना. त्या पुढे मोरूकडे गेल्या. मोरूच्याही खोल्या आहेत, आणि मोरू मनाने इतका मोठा, की रविवारी सकाळी मुद्दाम सांगायला आला.

"काका, तुमचं पाव्हनं माझ्याकडं उतरल्यात बरं का. लय झ्याक मानसं. काल दोनदा सोलकढी मागून घेतली."

बायजाने त्याला चहा दिला, तो जाईपर्यंत थांबली आणि मग म्हणाली, "अवो, फोन रुचिकाला देऊन टाका."

"मग मी काय करू?"

"बसा."

धर्माजींना या शब्दाची भीती वाटे. गावात बसलेले म्हातारे त्यांनी पाहिले होते. देवळाच्या कट्ट्यावर ओळीने ठेवल्यासारखे, कोण गेलं आणि कोण जाणार याची चर्चा करत. त्यांनी तेव्हा कशीबशी वेळ मारून नेली. पण बुकिंग खरंच कमी झालं होतं. नवे लोक सोडाच, दरवर्षी येणारे जुने पाहुणेही येईनासे झाले होते. धर्माजींनी लावलेला फोनही ते उचलत नसत.

याचा उलगडा रुचिकाच्या भावाने केला. साहिल पनवेलहून आला होता. गप्पांत धर्माजींनी त्याचा नंबर मागितला आणि बरोबर लिहून घेतला का ते बघायला तिथल्या तिथे लावून पाहिला. साहिलच्या मोबाईलचा पडदा टोमॅटोसारखा लाल झाला. फोन कोणाचा आहे ते आधीच सांगणारं ॲप त्यात होतं. पडद्यावर आलं, "सावधान, स्पॅम." आणि खाली लोकांनी मिळून ठेवलेलं नाव, "काशीद पापलेट, उचलू नका."

साहिलला हसू आवरेना. "अप्पा, तुम्ही तर नावाजलेले निघालात!"

"अरे पन मी कधी कुनाला कर्ज दिलं?"

कर्ज दिलं नव्हतं. पण पाहुणा निघाला की संध्याकाळी त्याला "पोचलात का?" विचारायची काशीदची रीत धर्माजींनी धंद्यात आणली होती. पोचलात का, पोरांना गाडी लागली नाही ना. एवढ्यावर थांबते, तर ते धर्माजी कसले? आज ताजं पापलेट आलंय. आंब्याला मोहोर बरा आहे. गणपतीला काय, येताय ना? ही चौकशी खोल्या सुरू झाल्यापासून येऊन गेलेल्या प्रत्येकाची, आलटून पालटून, दुपारी जेवणानंतर होत असे. पाहुणे तेव्हा कचेरीत असत.

"फोन द्या," रुचिका म्हणाली. "अप्पा, राग मानू नका, पण आता द्याच."

तेवढ्यात तो वाजला. नेहमी फोन करणारी कर्जवाली होती, पूर्वी नावाची. धर्माजींनी तिला बोलूच दिलं नाही. "बाय, तुझा नंबर पन लाल होतो का गं?"

"होतो ना, काका. मग आम्हाला दुसरा देतात."

"आनि लोक काय म्हनतात?"

"शिव्या देतात. तुम्हाला?"

"मला तेवढं पन कोन देत न्हाय. उचलतच न्हायत." मग त्यांनी तिला सगळं सांगितलं. एरवी ती बोले आणि ते ऐकत. या वेळी उलट झालं.

"काका," ती म्हणाली, "पोचल्याचा फोन तुम्ही कशाला करता? त्यांना सांगा ना करायला. ज्याला करायचा तो करेल. आमचं तसं नाही, आम्हाला करावाच लागतो."

पुढच्या रविवारी डोंबिवलीचं एक कुटुंब खोली सोडून निघालं. धर्माजी गाडीपर्यंत गेले आणि काच खाली करायला लावून म्हणाले, "पोचल्यावर फोन करा." सगळ्यांनी हो हो म्हटलं. मागच्या सीटवरच्या आजीबाईंनी मानही हलवली.

"कोनी करत न्हाय," बायजा म्हणाली. "केला तर फोन तुमचा. न्हाय केला, तर दिवेलागनीला रुचिकाच्या हातात द्यायचा."

दुपार गेली. धर्माजी ओटीवर फोन समोर ठेवून बसले. जेवणानंतरची चौकशी त्या दिवशी कोणाची झाली नाही. समुद्रावरची माणसं परतू लागली, रुचिका दिवा लावायला उठली, आणि फोन वाजला. धर्माजींनी झडप घातली.

"नमस्कार सर, पालीचा प्लॉट. विहीर बघून आलो. मेमध्येही पाणी असतं म्हणतात. तर आता..."

"भावा, लाईन मोकळी ठेव," धर्माजी म्हणाले आणि त्यांनी फोन कट केला. आयुष्यात पहिल्यांदाच. बायजा पदराला हात पुसत बाहेर आली आणि त्यांच्याकडे बघत राहिली.

पुन्हा वाजला. डोंबिवलीच्या आजीबाई. पोचलो, पण रस्त्याने कंबर मोडली. मच्छर फार होते. भाताला मीठ कमी होतं. नातू मात्र परत यायचं म्हणून रडतोय, तर मे महिन्यातले चार दिवस लिहून ठेवा. मग कमरेचा इतिहास आला, मग सुनेचा. धर्माजी "व्हय का?" आणि "अरे अरे" म्हणत ऐकत होते. त्यांचा चेहरा असा झाला होता, जणू कोणी सत्कार करून नारळ हातात दिला आहे.

बायजाने तिथेच निवाडा केला. "येनारे फोन ह्यांचे. जानारे रुचिकाचे." गणराजने मोबाईलवर काहीतरी दाबून जाणारे फोन बंद करून टाकले.

"आनि मला कुनाची चौकशी करावीशी वाटली तर?" धर्माजींनी विचारलं.

"माझी करा. दर मंगळवारी रेवदंड्याला बाजाराला जाते. पोचले का, म्हनून एकदा तरी फोन केलात?"

मंगळवारी बायजा एसटीने गेली. गाडी रेवदंड्याला पोचायच्या सुमाराला धर्माजींनी खिशातून फोन काढला, नंबर लावला, तो लागेना. मग ते स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभे राहिले आणि सुनेला म्हणाले, "रुचिका, तुझा फोन जरा दे गं. सासूला विचारायचंय."