हॉलमधल्या समुद्राला नारळ

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला, एका नारळी पौर्णिमेच्या सकाळी, बोईसरमधल्या आमच्या भाड्याच्या घरात माझ्या आजीने वडिलांच्या खाऱ्या पाण्याच्या मत्स्यटाकीत एक अख्खा नारळ सोडला. काच फुटली नाही. टाकीत तेव्हा दोन मासे आणि शंखात राहणारा एक खेकडा होता. वडील पहिल्या पाळीला गेले होते.

आजी म्हणजे आईची आई, बोईसरजवळच्या किनाऱ्यावरच्या नवापूरची, कोळ्याघरची. तिच्या घरची बोट होती. ती बोट माझा मामा चालवायचा आणि मामाला आजी चालवायची. वडील घाटावरचे, माळकरी घरातले, औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत केमिस्ट. त्यांचं आणि आईचं लग्न दोन्हीकडच्या मंडळींच्या जोरदार विरोधात झालं, आणि शेवटी नवापूरच्या मांडवात पंगतही बसली. त्या पंगतीत आजी स्वतः कोळंबीचं कालवण वाढायला आली. वडिलांनी ताटावर आडवा हात धरला आणि अत्यंत नम्रपणे विचारलं, "यात बिनमाशाचं काही आहे का?"

त्या दिवसापासून आजी वडिलांशी बोलली नाही. भांडली नाही, रुसली नाही, घरी येणंजाणंही ठेवलं. फक्त बोलली नाही. जे बोलायचं ते आईमार्फत.

"बाय, तुझ्या घरवाल्याला इचार, चाय घेनार काय."

"अहो, आई विचारतेय, चहा घेणार का."

"त्यांना सांग, घेईन."

तिघं एकाच चुलीभोवती बसलेली असत. माझं सगळं लहानपण ही दुभाष्याची सोय पाहण्यात गेलं. पुढे मी पालघरच्या एका साप्ताहिकात बातमीदारी करू लागलो, तेव्हा सरकारी खाती एकमेकांशी कशी बोलतात हे मला कुणी समजावून सांगावं लागलं नाही.

वडिलांची यासंबंधी एकच मागणी होती, आणि ती ते आईजवळ अधूनमधून मांडत. "त्यांनी मला एकदा 'जावय' म्हणून हाक मारावी. बास." आई म्हणायची, "मासे खा, मारेल." इथे वाटाघाटी थांबत.

पुढे, मी कॉलेजात असताना, वडिलांना तोडगा सापडला. प्रयोगशाळेच्या कपाटात कुणीतरी विसरून गेलेलं एक इंग्रजी पुस्तक होतं. त्यात घरच्या घरी समुद्र कसा पाळावा हे सचित्र सांगितलं होतं. चित्रांत गुलाबी प्रवाळ, त्यातून फिरणारे पट्ट्यापट्ट्यांचे मासे, आणि काचेबाहेर समाधानाने हसणारं एक कुटुंब. वडिलांना बोट लागते. नुसतं धक्क्यावर उभं राहिलं तरी लागते. समुद्रावर जाऊन सासूचं मन जिंकणं त्यांना शक्य नव्हतं. म्हणून समुद्रच घरी आणायचा आणि तो सासूला दाखवायचा, असं ठरलं. जिच्या दारात समुद्र रोज फुकट येतो, तिला तो काचेत भरून का दाखवायचा, हा प्रश्न घरात कुणी विचारला नाही.

होळीनंतर काम सुरू झालं. काचवाल्याने टाकी जोडून दिली. हवेचा पंप मुंबईहून आला. पाणी आणायला कारखान्यातून निळे कार्बॉय, म्हणजे रसायनांचे मोठे प्लास्टिकचे कॅन, मिळाले. बोईसरमध्ये निळा कार्बॉय नाही असं घर तेव्हा नव्हतं, आणि त्यात आधी काय होतं हे विचारणारं घरही नव्हतं. वडील मात्र केमिस्ट. त्यांनी ते इतक्या वेळा धुतले की शेजारच्यांनी त्या दिवशी नळाला पाणी न आल्याचा दोष आमच्यावर ठेवला.

पाणी भरून द्यायला मामा आला. तो वडिलांशी बोलत असे. बोलण्यापेक्षा हसत जास्त असे.

"भावजी, किती पानी पायजे? सगला समुद्र न्या. आमाला दुसरा भेटंल."

"मामा, भरतीचं पाणी द्या. ओहोटीचं नको. पुस्तकात आहे."

"पुस्तकात हाय? मंग दर्या वाचून घ्या की. भिजाया कशाला?"

कार्बॉय रिक्षाने आले. रिक्षावाल्याने वाटेत विचारलं, "साहेब, ह्यात काय?" वडील म्हणाले, "समुद्राचं पाणी." त्यानंतर बोईसरपर्यंत तो आरशातून मागे पाहत राहिला.

पुस्तकात प्रवाळ होतं. नवापूरच्या किनाऱ्यावर काळा कातळ होता. वडिलांनी कालवांची कवचं चिकटलेले चार दगड आणले आणि त्यांना प्रवाळ म्हणायला सुरुवात केली. मग त्यांनी जी चूक केली ती वसाहतीतला केमिस्टच करू शकतो. प्रयोगाचं भांडं निर्मळ असलं पाहिजे, या शिस्तीने त्यांनी ते दगड ब्लीचिंग पावडरमध्ये बुडवले, घासले आणि गच्चीवर कडक उन्हात वाळवले. टाकीच्या तळाला घालायचा शिंपल्यांचा चुरा उकळला. पाणी तीन पदरी फडक्यातून गाळलं. टाकी भरली, पंप लावला. पाणी असं स्वच्छ दिसू लागलं की पाहुणे ती टाकी रिकामी समजून तिच्यावर टोपी ठेवत.

आता मासे लगेच सोडायचे नव्हते. वडिलांनी ते आम्हाला जेवताना समजावून सांगितलं. मासे घाण करतात. घाणीतून अमोनिया होतो आणि त्यात मासे मरतात. पण पाण्यात एक जातीचे जीवाणू धरले की ते अमोनियाचं नायट्राइट करतात. तेही विषच. मग दुसऱ्या जातीचे जीवाणू येऊन त्याचं नायट्रेट करतात, ते माशांना सोसतं. हे जीवाणू आधी धरले पाहिजेत. त्याला काही आठवडे लागतात.

"म्हणजे मुरायला हवं," आई म्हणाली.

"हां. मुरायला हवं."

"लोणच्यासारखं."

वडिलांना ही उपमा आवडली नाही, पण पुढे तेही 'मुरणं' हाच शब्द वापरू लागले.

ते रोज संध्याकाळी प्रयोगशाळेतून आणलेल्या नळीत टाकीतलं पाणी घ्यायचे, त्यात रसायनाचे थेंब टाकायचे आणि रंग बदलण्याची वाट पाहायचे. रंग बदलला नाही. अमोनिया येईना. सगळ्या वसाहतीला ज्याचा वास नको होता, तो आमच्या घरात हवा होता आणि मिळत नव्हता. वरच्या खोलीतला उत्तर भारतीय कामगार पाळीवर जाताना दारातून डोकावायचा.

"बाबूजी, मछली आयी क्या?"

"नाही. पहले बैक्टीरिया आयेगा."

"अच्छा. कौन सी गाडी से?"

शेवटी वडिलांनी पुस्तकाचं ते पान पुन्हा वाचलं. मुरण्यासाठी पाण्यात काहीतरी कुजावं लागतं. त्यांनी सगळंच धुऊन काढलं होतं, कुजायला काही शिल्लक नव्हतं. उपायही तिथेच दिला होता: एक कोळंबी टाकावी आणि सडू द्यावी.

ज्यांनी आजीच्या कोळंबीवर आडवा हात धरला होता, त्यांनी आईला बाजारातून कोळंबी आणायला सांगितली.

"किती आणू?"

"एक."

"अहो, एक कोळंबी कुणी विकतं का? कोळणी मारतील मला."

आईने वाटा आणला. त्यातली एक वडिलांनी चिमट्याने उचलली, मान दुसरीकडे वळवली आणि टाकीत सोडली. उरलेल्यांचं आई आणि मी काय केलं ते सांगण्याची गरज नाही. दोन-तीन दिवसांत हॉलमध्ये बसवेनासं झालं. नळीतल्या पाण्याला पिवळा रंग आला, तेव्हा वडिलांनी ती आम्हाला खिडकीतल्या उजेडात धरून दाखवली. परीक्षेत पहिल्या आलेल्या मुलाचा निकाल दाखवावा तशी.

जावयाने घरात कोळंबी आणवली, ही बातमी बाजारातल्या बायकांबरोबर नवापूरला पोचली. वाटेत तिचा काही भाग गळला. जावय कोळंबी खायला लागला, एवढंच आजीपर्यंत गेलं. पुढच्या रविवारी मामा कागदात बांधलेले सोडे घेऊन आला. सोडे म्हणजे सोलून वाळवलेली कोळंबी, घरच्या खास माणसासाठी राखून ठेवायची वस्तू.

"आयेनं धाडलंय. तुज्या घरवाल्याला दे म्हनली," तो आईला म्हणाला.

वडिलांनी पुडी दोन्ही हातांत घेतली. बातमीचा खुलासा केला नाही. "आईंना सांगा, पोचले," एवढंच म्हणाले. सोड्यांचं कालवण आई आणि मी संपवलं. पुडीचा कागद वडिलांनी घडी करून ठेवला.

तारापूरला वीज तयार होत असे. बोईसरला ती जात असे. वीज गेली की पंप बंद पडायचा, आणि जीवाणूंना हवा मिळावी म्हणून घरातलं जे माणूस मोकळं असेल त्याने लोट्याने टाकीतलं पाणी उचलून वरून धार धरायची. आई म्हणायची, "शंकराच्या पिंडीला एवढं घातलं असतं तर काही तरी पदरात पडलं असतं." मेअखेरीला अमोनिया गेला, मग नायट्राइटही गेलं. पाणी मुरलं. पावसाळा लागण्याआधी मामाने कातळातल्या डबक्यांतून बोटाएवढे दोन मासे आणि शंखातला खेकडा आणून दिला.

"ह्यांचं कालवन नाय होनार, भावजी. वास पन नाय येनार."

आता आजीला बोलवायचं होतं. तिने त्याची वाट पाहिली नाही. पाऊस सुरू झाल्यावर नवापूरच्या ओल्या ओट्यावरून तिचा पाय घसरला आणि मोडला. प्लास्टर बोईसरच्या दवाखान्यात घातलं. आमचं घर तळमजल्यावर, म्हणून तिला आमच्याकडेच आणलं. हॉलमध्ये खाट टाकली. खाटेला लागून टाकी.

वडिलांना हवा होता तो सगळा प्रसंग जुळून आला होता. आजीला दुसरीकडे पाहायला फक्त भिंत होती. तिने टाकीकडे बराच वेळ पाहिलं.

"बाय, त्याला सांग, डबक्याला भरती येत नाय."

"अहो, आई म्हणतेय, भरती येत नाही."

"सांग, पंप आहे."

"आये, पंप हाय म्हनतात."

"हूं."

इतकं झालं. आषाढ गेला. वडील रोज संध्याकाळी तिच्यासमोर नळीत थेंब टाकत, रंग पाहत आणि मोठ्याने सांगत, "ठीक आहे." आजी भिंतीकडे तोंड करायची.

नारळी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी तिने आईकडून नारळ, हळदकुंकू आणि झेंडूची फुलं मागून घेतली. आईला वाटलं, मामा येऊन घेऊन जाईल. आजीने जन्मात कधी ही पौर्णिमा चुकवली नव्हती. समुद्राला नारळ दिल्याखेरीज तिच्या घरची बोट पाण्यात उतरत नसे. सकाळी आई स्वयंपाकघरात नारळीभात करत होती. मी दारात दाढी करत होतो. आजी खाटेवर उठून बसली आणि तिने विचारलं,

"पोरा, ह्या डबक्यातलं पानी कुठलं?"

"नवापूरचं."

"मंग झालं."

तिने टाकीवरची काच सरकवली, नारळाला हळदकुंकू लावलं, डोळे मिटून काहीतरी पुटपुटली, आणि नारळ सोडला. त्यामागून फुलं, त्यामागून चिमूटभर साखर. टाकीतलं पाणी उसळून फरशीवर आलं. उरलेलं हळूहळू पिवळं झालं. नारळ तरंगू लागला आणि पंपाच्या बुडबुड्यांनी स्वतःभोवती फिरू लागला.

आई धावत आली. "आये! काय केलंस!"

"दर्याला नारल दिला. तुझ्या भावाची बोट जायाची हाय."

"अगं, ह्यात मासे आहेत!"

"दर्यात पन हायत."

आई नारळ काढायला वाकली, तर आजीने तिचं मनगट धरलं. दिलेला नारळ परत काढला आणि बोटीला काही झालं तर? आईने हात मागे घेतला. तीही नवापूरचीच.

वडील दुपारी पाळीवरून आले. दारात चपला काढताना त्यांना टाकी दिसली. दुभाषी भिंतीला टेकून उभी होती. आजी खाटेवर ताठ बसून होती आणि बऱ्याच वर्षांत पहिल्यांदा थेट वडिलांकडे पाहत होती.

वडिलांनी टाकीत पाहिलं. मासे खालच्या दगडामागे दडले होते. हळद, साखर, फुलं. यातून काय होणार हे त्यांना कुणापेक्षाही चांगलं माहीत होतं. त्यांनी हात घातला असता तर नारळ लगेच बाहेर आला असता.

ते आत गेले, शिल्लक ठेवलेल्या पाण्याचा कार्बॉय आणि बादली घेऊन आले. बादलीत पाणी ओतलं. मग चहाच्या गाळणीने एक मासा काढला, दुसरा काढला, आणि बादलीत सोडला. पंपाची नळी बादलीत टाकली. नारळाला त्यांनी हात लावला नाही. तो गाळणीच्या आड आला, तेव्हा त्यांनी थांबून तो जाऊ दिला.

मग ते खेकडा शोधायला टाकीच्या पलीकडे निघाले. फरशी अजून ओली होती.

"जावय," आजी म्हणाली, "खाली पानी हाय. पडाल."

आई सवयीने म्हणाली, "अहो, आई म्हणतेय..." आणि थांबली.

"हो," वडील म्हणाले. "बघतो."

मामाची बोट पौर्णिमेनंतर गेली आणि परत आली. ती आल्याचा निरोप मिळाल्यावर नारळ टाकीतून काढण्यात आला. बादलीतले दोन्ही मासे जिवंत होते. खेकडा सापडला नाही.