कुणालाच नको ते आलासीचं

आमच्या गावात दगड कोरणारे पुष्कळ, कोरलेलं घरात ठेवणारी एकच. आलासी.

मी जन्मभर खाणीतला दगड काढला. समुद्राचा बर्फ फुटला की बोटीनं जायचं, घण आणि पहार चालवायची, ओहोटी लागायच्या आत बोट भरायची. तो दगड कोरून लोक अस्वलं करतात, सील करतात, आणि हातावरची धूळ झटकायच्या आत सहकारी दुकानात विकून पीठ, चहा, पेट्रोल घेऊन घरी येतात. यात वाईट काही नाही. कष्ट केले, पोट भरलं. ठेवून काय करायचं? उद्या दुसरं कोरू.

आलासी ठेवते. तिनं शाळेच्या फरशा पुसण्यात गुडघे घालवले. त्या काळापासून तिच्या स्वयंपाकघरात एक पत्र्याचं कपाट आहे. दुकानानं नाकारलेलं, पडून फुटलेलं, कुणी अर्ध्यावर कंटाळून टाकलेलं सगळं त्यात जातं. तीन पायांचं अस्वल आहे. कुणी हसलं तर म्हणते, "चौथा पाय पोटाखाली घेऊन बसलंय ते. थंडी आहे."

हातात घेते, डोळे मिटते, अंगठा फिरवते आणि कुणी कोरलं ते सांगते. "हा घाईत होता, शिकारीला जायचं होतं याला." "याची कानस बोथट होती आणि बायको तिखट." बहुतेक वेळा बरोबर निघतं. चुकली तर म्हणते, दगड खोटं बोलला.

ती मला आजोबा म्हणते. वयानं माझ्याहून मोठी आहे. पण माझं कूपाक हे नाव तिच्या आजोबांचं, आईच्या वडिलांचं. ते गेल्यावर मी जन्मलो, म्हणून माझ्यात ते आले. आमच्याकडे ज्याचं नाव, त्याचं नातं. ती मला अहो-जाहो करते, घरात सील आला की पहिला वाटा मला देते, आणि मी तिला नाती म्हणून दटावतो. तिच्या आईचं नाव तातिगाक. म्हणजे ती माझी लेक. माझ्याहून कितीतरी मोठी, तरी लेकच.

ही तातिगाक बूट शिवायची. पाणी आत येणार नाही असा टाका घालायची. दगड तिनं जन्मात एकदाच कोरला. आलासी तान्ही असताना खोकल्यानं निळी पडली होती. तेव्हाच्या नर्सबाईनं रात्रंदिवस मांडीवर घेऊन तिला जगवलं. तातिगाकनं नर्सबाईला आपल्या हातचं दगडाचं काहीतरी दिलं. काय दिलं ते तिनं कधी सांगितलं नाही. विचारलं की सुई दातात धरायची. आलासीच्या कपाटात गावातल्या सगळ्यांचा हात होता, आईचा तेवढा नव्हता.

हिवाळ्याच्या लांब अंधारानंतर यंदा ऊन परत आलं तेव्हा विमानानं एक पेटी आली. नर्सबाई दूर दक्षिणेत वारली होती. तिच्या मुलीनं आईजवळच्या सगळ्या दगडी वस्तू गावाला परत पाठवल्या होत्या. ज्याच्या त्याला द्या, म्हणाली.

गावच्या हॉलमध्ये खाली पुठ्ठे अंथरून गोठलेलं कॅरिबूचं मांस मांडलं, भाकऱ्या आल्या, चहाची मोठी पातेली आली, आणि टेबलावर पेटी उघडली. काहींच्या तळाशी सही होती, काहींच्या तळाशी सरकारनं एके काळी आम्हाला नावाऐवजी दिलेल्या बिल्ल्याचा नंबर. ते सोपं. उरलेल्यांवर अख्खं गाव तुटून पडलं. हे वडिलांचं, हे चुलत्याचं, नाही रे, तुझ्या चुलत्याला पंख कधी जमले का! एक वॉलरस डावीकडे बघत होता. त्याला उचलून एक बाई रडू-हसू लागली. तिच्या वडिलांना उजवा डोळा नव्हता, त्यांचं प्रत्येक जनावर डावीकडेच बघायचं.

आलासी एकेक वस्तू हातात घेऊन खाली ठेवत होती. मग एका हिरव्या सीलवर तिचा हात थांबला. मादी सील, पिल्लू पोटाशी घेतलेलं. काम सुरेख होतं. तळ कोरा.

"हीच," ती म्हणाली. "आई आणि मी."

हॉलभर माना वळल्या. मग टाळ्या. हॉलची झाडलोट करणारा तिवी, एरवी चर्चमध्येसुद्धा थट्टा करणारा माणूस, त्याच्याही डोळ्यांत पाणी आलं. "किती मायेचा हात आहे!" म्हणाला.

शेवटी टेबलावर एक करडा गोळा उरला. मुठीएवढाही नाही. दोन उंचवटे, मध्ये खाच.

"बटाटा आहे," कुणी म्हणालं.

"माझ्या मेव्हण्याचा अंगठा," तिवी म्हणाला. "खिळा समजून हातोडा घातला होता त्यानं."

कुणालाच नको होता. तेव्हा आलासीनं सवयीनं खिशात टाकला.

मी तिच्याजवळ गेलो. हिरवी सील हातात घेतली, अंगठा ओला करून घासला. हिरव्यात पिवळी शीर. खालच्या खाडीचा दगड. ती खाण आम्ही उघडली तेव्हा मला मिशी फुटली होती. वरचा कातळ हटवता हटवता हातांची सालं निघाली होती. तो दगड मी विसरणार नाही. आलासी तान्ही असताना तो डोंगराच्या पोटात होता.

गप्प बसता आलं असतं. पण दगडाबद्दल खोटं बोलायची मला सवय नाही.

"नाती," मी म्हणालो, "ही तुझ्या आईची नाही." आणि का ते सांगितलं.

तिनं सील माझ्या हातातून काढून घेतली. "कूपाक, तू दगड फोड. ओळखायचं काम माझं."

तिनं मला नावानं हाक मारली. आजोबाला नावानं! बायकांनी तोंडावर हात ठेवले.

तिवी पुढे आला. "बघू दे तरी." उलटी केली. पिल्लाच्या पोटाखाली नख घातलं. त्याचा चेहरा उतरला. "इथं भेग आहे. बुटाचं काळं पॉलिश भरलंय."

"मग?"

"मग काय! मीच भरलंय. लग्नाआधी. दुकान बंद होत होतं, पेट्रोल हवं होतं. सही करायला वेळ कुठला?" नर्सबाई त्या सुमारास एकदा गाव बघायला आली होती, तेव्हा तिनं ती घेतली असणार. तिवी सीलकडे बघतच राहिला. "मी इतका चांगला होतो? मला कुणी सांगितलं का नाही?"

हॉल इतका हसला की चहा सांडला. आलासी हसली नाही. सील टेबलावर ठेवून ती घरी गेली.

त्यानंतर ती माझ्याशी बोलेना. दुकानात दिसली की पिठाच्या पोत्यांकडे बघायची. मला वाईट वाटलं, पण पिवळी शीर काही पुसता येत नाही.

मग तिच्या नातजावयानं सील मारला. आता पंचाईत झाली. पहिला वाटा आजोबाचा, आणि आजोबा मी. रागापायी तो चुकवला तर पुढचा सील बंदुकीसमोर येणार नाही, हे तिला माहीत. तिनं निरोप धाडला. मी सुरी घेऊन गेलो.

"बसा," ती भिंतीला म्हणाली.

बसलो. सीलचं काळीज अजून गरम होतं. खाऊ लागलो. तिची नात उलायु आत-बाहेर फेऱ्या घालत होती. तिच्या पाठीवर, कोटाच्या मोठ्या टोपीत, तान्ही पोर किंचाळत होती. दात येत होते. पोरीचं नाव तातिगाक. म्हणजे आलासीची आई.

"आईला झोप नाही, मला नाही," आलासी कुरकुरली. "आई, किती रडशील गं! मी एवढी रडले होते का?"

तिनं खिसे चाचपले. तो करडा गोळा हाताला लागला. पुसला आणि पोरीच्या हातात दिला. पोरीनं तो सरळ हिरडीखाली घेतला. घर एकदम शांत झालं. उलायु उभी होती तिथेच खाली बसली.

पोर चावत होती. लाळ गळत होती, आणि ओल्या दगडाचा रंग खुलत होता. मी सुरी खाली ठेवली.

"नाती, तो इकडे दे."

"आता हाही खालच्या खाडीचा का?"

"नाही. वरच्या तळ्याचा. दिवे कोरायचा मऊ दगड. माझ्या जन्माआधीच संपला. माझ्या बापानं मला नुसता खड्डा दाखवला होता."

तिनं पोरीच्या तोंडातून हळूच गोळा काढला. पोरीनं भोकाड पसरलं. तिनं डोळे मिटले, अंगठा फिरवला. कानशीचे ओरखडे नव्हते. लहान लहान वाकडे फटकारे होते, सगळे एकाच बाजूला, कातडं खरवडताना बायकांची अर्धगोल सुरी चालते तसे. मधली खाच आतून गुळगुळीत होती. तिथं दोरी घासली होती. आणि दोन्ही टोकांवर बारीक बारीक खड्डे, जोडीजोडीनं, झिजलेले. ताजे दोन त्यांच्यावर उठून दिसत होते.

"हे दात आहेत," उलायु म्हणाली.

"टोपीला बांधायचा," आलासी हळू म्हणाली. "पडू नये म्हणून. आजोबा, हे माझे दात आहेत!"

आम्ही हॉलभर शोभेची वस्तू शोधत होतो, टेबलावर उभी राहील अशी. आणि तातिगाकनं दिला होता आपल्या पोरीचा चघळायचा दगड. नर्सबाईनं पोर हातात परत दिली होती. दुसरं द्यायला तिच्याकडे काय होतं?

"लावून बघ," मी म्हणालो. "जुळतात का."

तिनं खरंच गोळा तोंडात घातला. मग बाहेर काढून हसत सुटली. डोळ्यांतून पाणी, तोंडात एकही दात नाही. "आजोबा, काय जुळवू? हिरड्या?"

दारात तिवी उभा होता. सील आला की वास त्याला आधी जातो. "मी सांगतो ना," तो म्हणाला, "याच दातांनी तू मला शाळेत चावली होतीस. हात दाखवू?"

मला वाटलं, आता गोळा कपाटात जाणार. सगळ्यात वरच्या फळीवर. आलासीनं उलायुकडून कॅरिबूच्या स्नायूचा दोरा मागितला. ओला केला, खाचेत दोन वेढे घेतले, ओढून बघितला, आणखी एक वेढा घेतला. दुसरं टोक टोपीच्या काठाला शिवलं. टाका पाणीसुद्धा आत येणार नाही असा.

"घे, आई," ती म्हणाली. "तुझंच आहे. चाव."

तिवीनं आपली सील दुसऱ्या दिवशी दुकानात विकली. या वेळी सही करून.