डाव्या दाराला कणीक

जगातली आवाज करणारी प्रत्येक वस्तू चुकीच्या जागी ठेवलेली असते, असं ठामपणे मानणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला आणि नेमका तोच माझ्या मुलीचा सासरा झाला. लग्नाच्या दिवशी पेणच्या कार्यालयात नवरदेव पाटावर उभा होता, अंतरपाट धरलेला होता, फक्त वरपिता सापडत नव्हते. ते मागच्या भिंतीशी स्टुलावर चढून सनईच्या टेपचा कर्णा खिडकीच्या गजांना बांधत होते. "इथनं सनई गोड येते," ते वरूनच म्हणाले. भटजी घड्याळ दाखवू लागले तेव्हा मी एका हाताने स्टूल धरलं आणि दुसऱ्या हाताने त्यांना अक्षता वर दिल्या. मुलाच्या लग्नाच्या अक्षता त्यांनी स्टुलावरून टाकल्या. सनई खरोखर गोड आली, हे मला नंतर मान्य करावं लागलं. तेव्हापासून ते आमच्याकडे आले की पाणी पिण्याआधी टीव्ही भिंतीपासून वीतभर पुढे ओढतात. एकदा मी चटणी वाटत असताना त्यांनी मिक्सर उचलला, घडी घातलेल्या गोणपाटावर ठेवला आणि "आता वाटा" म्हणाले. ओट्याचं थरथरणं थांबलं, म्हणून मिक्सर अजून गोणपाटावरच आहे. त्यांचं म्हणणं बहुतेक वेळा बरोबर निघतं, हीच त्यांच्याबद्दलची माझी मुख्य तक्रार आहे.

व्याही राहतात रोह्याला. धाटावच्या एका कंपनीत त्यांनी तीस वर्षं शिफ्टमध्ये काम केलं, मोठाल्या यंत्रांच्या खोलीत. पण ते पोटासाठी. स्वतःची ओळख करून देताना ते आजही "मी पखवाजी" म्हणतात. निडीजवळ त्यांचं गाव आहे. तिथल्या भजनी मंडळात आधी त्यांचे वडील आणि मग हे, असा पखवाज त्यांच्या घरात राहिला होता. शिफ्ट कुठलीही असो, एकादशीला हा माणूस पखवाज मांडीवर घेऊन देवळात हजर. निवृत्त झाले तेव्हा आम्हाला वाटलं की आता रोजच एकादशी. झालं उलटंच. वर्षभरात दोनदा असं घडलं की भजन रंगात आलेलं असताना यांचा हात टाळांच्या पुढे धावला आणि भजन सांगणाऱ्या बुवांना मधेच थांबावं लागलं. गावातली माणसं बोलायला मऊ. बुवा म्हणाले, दादा, जरा आराम करा. आणि पखवाज शाळेतल्या एका मास्तरांच्या मांडीवर गेला. व्याही भांडले नाहीत. त्यांनी एवढंच मागितलं की माघातल्या उत्सवाला एकदा मला वाजवू द्या, चुकलो तर पखवाज मी स्वतः मास्तरांच्या घरी पोचता करीन आणि पुन्हा हात लावणार नाही. बुवा हो म्हणाले. मला हे सगळं त्यांनी माझ्या दुकानात उभ्याउभ्या सांगितलं आणि शेवटी कारणही सांगितलं. "आपला हात चोख हाय, विहीणबाई. हल्लीचे टाळकरी मिळमिळीत वाजवतात. टाळ ऐकूच येत नाय, तर पखवाजवाल्यानं धरायचं काय?"

म्हणून तालीम हवी, आणि तालमीला टाळकरी रोज कुठून आणायचे? माझ्या जावयाने यावर उपाय काढला. त्याने दोन माइक लावून मंडळाचं भजन जसंच्या तसं भरून घेतलं, म्हणजे टाळकरी पखवाजाच्या डावीकडे बसतात तर त्यांचा आवाज डाव्या स्पीकरमधून, पेटी उजवीकडे तर ती उजव्यातून. आणि स्वतःची जुनी छोटी गाडी वडिलांना देऊन तो पुण्याला नोकरीवर निघून गेला. गाडीत बसून ऐका, घरात शेजाऱ्यांना त्रास नको, असं म्हणाला. बिचाऱ्याला काय माहीत की आपण वडिलांच्या हाती चार दारं, एक डिकी आणि अमर्याद वेळ दिला आहे.

पेणला माझं रंगांचं दुकान आहे, गणपतीच्या कारखान्यांना लागणाऱ्या रंगांचं. तिथून दोन गाळे सोडून गाड्यांच्या सामानाचं दुकान आहे. त्यामुळे व्याह्यांनी स्पीकर कसे निवडले हे मला न विचारता कळत गेलं, कारण तो दुकानदार रोज माझ्याकडे येऊन बसायला लागला. स्पीकरच्या खोक्यावर काय छापलंय ते व्याही वाचत नसत. ते स्पीकर बाहेर काढून मांडीवर घेत, मधल्या बोटाने टिचकी मारत, डोळे मिटत आणि "ह्याच्या पोटात काय नाय" म्हणून परत देत. एकाला त्यांनी नाकाशी नेऊन हुंगलं. दुकानदाराने धीर करून विचारलं की काका, वास कसला घेता, तर म्हणाले, "डिंक कच्चा हाय, पावसाळ्यात सुटंल." दुकानदार म्हणाला की ताई, तो स्पीकर मी माझ्या मेव्हण्याच्या गाडीत बसवला आणि श्रावणात तो सुटला.

एकदाचे चार स्पीकर पसंत पडले. मग ते बसवायचे कुठे, याची चर्चा. व्याही गाडीकडे गाडी म्हणून पाहतच नव्हते, त्यांना तो देवळाचा मंडप दिसत होता. पेटी इथे, टाळ तिथे, मागे साथ करणारे, आणि स्टेअरिंगसमोर ते स्वतः, पखवाजी. मागच्या काचेखालच्या फळीवर दोन स्पीकर बसवले, तर म्हणे साथवाले डोक्यावर बसल्यासारखे वाटतात. ते खाली मागच्या दारांत नेले. पुढचे दोन गुडघ्याच्या उंचीवर होते, ते कानाच्या उंचीवर हवेत म्हणून दारांना नवीन भोकं पडली. प्रत्येक बदलानंतर रोह्यापर्यंत जाऊन यायचं आणि वाटेतल्या गावांच्या नावाने निकाल सांगायचा. वडखळपर्यंत बरा वाजतो, नागोठण्याला घोगरा होतो, निडीच्या पुढे फाटतो. दुकानदाराने एकदा त्यांना सुचवून पाहिलं की काका, रस्त्यात खड्डे आहेत. व्याही म्हणाले की खड्डे मंडळालाही चुकलेले नाहीत, ते गातातच ना.

पण सगळ्यात मोठा घोळ होता डाव्या पुढच्या स्पीकरचा. टाळ त्यातूनच यायचे आणि व्याह्यांच्या मते तो स्पीकर मेलेला होता. दुकानदाराने तो बदलून दिला. दुसराही मेलेलाच. तिसऱ्या वेळी दुकानदाराने हुशारी केली, उजवा डावीकडे लावला आणि डावा उजवीकडे. आता उजवीकडे आलेला जिवंत झाला आणि डावीकडे गेलेला मेला. व्याह्यांनी यावरून निष्कर्ष काढला की स्पीकर निर्दोष आहेत, दोष डाव्या दारात आहे. आणि दाराचा इलाज त्यांना ठाऊक होता. पखवाजाच्या डाव्या तोंडाला ओली कणीक लावतात, त्याशिवाय त्यातून धुम निघत नाही. तसं डाव्या दारालाही लागणार. त्यांच्या बायकोने, म्हणजे माझ्या विहिणीने, विचारलंही नाही, पोळ्यांसाठी मळलेली कणीक निमूट काढून दिली. त्यांनी दाराचं आतलं पान उघडलं, पत्र्याला आतून बोटाने थापून थापून कणीक लावली, पान पुन्हा बसवलं आणि गावभर सांगत सुटले की दाराची खडखड गेली. खडखड गेली होती हे खरं. चौथ्या दिवशी मुंग्या आल्या. आठव्या दिवशी गाडीत बसणाऱ्याला आंबोळीची आठवण येऊ लागली. मग उंदीर आला, त्याने कणकेबरोबर वायरही खाल्ली आणि डावा स्पीकर त्या दिवशी खरोखरच मेला. दुकानदार माझ्याकडे आला तेव्हा त्याच्या हातात कुरतडलेली वायर होती. मी त्याला चहा दिला.

उत्सवाला आठवडा राहिला होता. मला रोह्याला एका मूर्तिकाराकडे रंगाचे डबे पोचवायचे होते आणि नवी वायर घालून घेऊन व्याही परत निघाले होते, म्हणून मी त्यांच्या गाडीत बसले. पुढे, त्यांच्या डावीकडे. भजन सुरू झालं आणि माझ्या कानाजवळून टाळ असे खणखणले की माझी दाढ झिणझिणली. मी म्हटलं, जरा बारीक करा. ते समोर बघत राहिले. मी म्हटलं, पुढे गाय आहे. गाय त्यांना दिसली, मी नाही ऐकू आले. नागोठण्याच्या अलीकडे त्यांनी गाडी कडेला घेतली, स्टेअरिंगवरचे हात खाली टाकले आणि म्हणाले, "बघा, अजून मेलेलाच. आता नाय व्हायचं, विहीणबाई. पखवाज मास्तरांकडंच जाणार." एवढा पडलेला चेहरा मी त्यांचा त्याआधी पाहिला नव्हता.

माझ्या दुकानात गिऱ्हाईक म्हणतं, हा पिवळा चुकलाय. मी डबा बदलत नाही. गिऱ्हाइकाला दारात उजेडात उभं करते, मग बघू म्हणते. मी व्याह्यांना म्हटलं, सीटवर उलटे बसा. तोंड मागच्या काचेकडे. त्यांना वाटलं मी चेष्टा करतेय. पण विहिणीचा शब्द मोडायचा कसा, म्हणून साठीचा तो माणूस सीटवर गुडघे टेकून, सीटच्या पाठीला मिठी मारून उलटा बसला. बाजूने जाणारा सहा आसनी रिक्षावाला रिक्षा हळू करून बघून गेला. आता त्यांचा उजवा कान डाव्या दाराकडे आला होता. मी भजन पुन्हा लावलं. त्यांचे डोळे मोठे झाले.

"टाळ," ते म्हणाले. "ह्यो काय टाळ."

"स्पीकर ठणठणीत आहे, भाऊ," मी म्हटलं. "दारही ठीक आहे. तुमचा डावा कान गेलाय."

दुसऱ्या कोणी हे जरा आडवळणाने सांगितलं असतं. मला ते जमत नाही, आणि मागून ट्रक येत होते. ते तसेच उलटे बसून ऐकत राहिले. मला वाटलं की माणूस आता मोडणार. एक अभंग संपला तेव्हा त्यांनी हळूच विचारलं, "म्हंजे टाळकरी बरोबर वाजवत होते?" मी म्हटलं, हो. "वर्षभर?" मी म्हटलं, बहुधा. मग त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते दुःख नव्हतं. दहा वेळा जागा बदलून अखेर स्पीकर नेमका बसला की जो चेहरा होतो, तो होता. ते सरळ झाले, गाडी सुरू केली आणि म्हणाले, "मंग स्पीकर कशाला हलवायचा? माणसं हलवू."

दुसऱ्या दिवशी मी त्यांना पेणच्या डॉक्टरांकडे नेलं. यंत्रांच्या आवाजाने आणि वयाने डावा कान बराच गेलाय, उजवा चांगला आहे, असं डॉक्टर म्हणाले. व्याह्यांनी उजव्याचं अभिनंदन केल्यासारखी त्याची पाळी दाबली. मग आम्ही गावी गेलो. टाळकरी उजवीकडे आणि पेटी डावीकडे, एवढीच मागणी होती, पण बुवांना ती पटेना. आजवर टाळ डावीकडे, देवाच्या दाराच्या बाजूला. पेटीवाल्याने तर मी खांबाशिवाय बसत नाही, असं जाहीर केलं.  कानाचं सांगायची व्याह्यांना लाज वाटत होती. मग मीच सांगितलं, आणि वर म्हटलं, "बुवा, तुम्ही स्वतः फिरून बसा. देव तुमच्या पाठीशी येईल, तो काही रागवायचा नाही. टाळ देवाच्या दाराशीच राहतील, पेटी खांबाशीच राहील आणि तुमच्या समोर बसणाऱ्या यांच्या उजव्या हाताला टाळ येतील." बुवांनी मंडपाकडे पाहिलं, बोटाने हवेत एक गोल काढला आणि म्हणाले, "बाई बरोबर बोलते. एकजणच फिरायचाय. मीच."

प्रत्यक्षात फिरले दोघे, बुवा आणि पखवाजी. माघातल्या त्या दुपारी सभामंडप भरलेला होता. मास्तर मुद्दाम पुढे बसले होते. पहिल्या अभंगात व्याह्यांचा हात दबून चालला होता, जणू परक्या घरी पाय ठेवतोय. दुसऱ्यात त्यांनी उजवीकडे मान किंचित कलती केली. तिसऱ्यात टाळ चढले, आणि डाव्या हाताखालून जो धुम निघाला तो खांबांतून, फरशीतून, खाली बसलेल्या आम्हा बायकांच्या मांडीतून गेला. गती दुप्पट झाली, तिप्पट झाली, टाळकरी घामाघूम झाले. शेवटच्या ठोक्याला टाळ आणि थाप असे एकदम पडले की मधे केसही गेला नसता.  मग मास्तर उठले, पखवाजाला हात लावून नमस्कार केला आणि म्हणाले, "दादा, एकादशीला मी टाळ घेईन. तुमच्या उजवीकडं." व्याह्यांनी मान हलवली. 

दोन तास वाजवून त्यांचे तळवे सुजले होते, म्हणून परतताना गाडी मी चालवली. ते माझ्या डावीकडे आणि विहीण माझ्या मागच्या सीटवर, म्हणजे त्यांचा उजवा कान आता आमच्या दोघींकडे. स्पीकर चालू होते, कारण ते कायमच चालू असतात. निडी मागे पडल्यावर विहिणीने मागून हलक्या आवाजात विचारलं, हात फार दुखतात का? मला वाटलं माझ्याशी बोलतेय. पण उत्तर माझ्या डावीकडून आलं, "दुखतात थोडं." विहीण सीटच्या कडेपर्यंत पुढे सरकली. तिने आणखी हळू विचारलं, घरी गेल्यावर पेज चालेल का? "चालंल की." मग मला आरशात तिचा चेहरा दिसला. ती माझ्याकडे बघून म्हणाली, "गाडीत बोलायचं मी सोडून दिलं होतं. मला वाटायचं, यांना आता माझं काही ऐकायचंच नसतं."

हेही त्यांना ऐकू आलं. त्यांनी सुजलेला हात पुढे केला आणि भजन बंद केलं.

"बोल गो," ते म्हणाले.

रोहा अगदी जवळ आलं होतं. मी गाडी सावकाश घेतली.