स्लॅबवरच्या म्हशी

आधी मीही हसले, हे सांगून टाकते. मागाहून कुणी उकरून काढायला नको.

आमच्या बागप्रेमींच्या क्लबाने पर्यावरण संवर्धनावरचा चित्रपट महोत्सव भरवला होता. दोन दिवसांचा, सगळ्यांना खुला. एरवी सरड्याची धाव कुंपणापर्यंत, तशी आमची गुलाब प्रदर्शनापर्यंत. कुंडीतल्या लिंबाला तीन लिंबं लागली तरी आमच्या ग्रुपवर दिवसभर अभिनंदनं चालतात. यंदा मात्र लोकांपर्यंत जायचं ठरलं. मी गच्चीवरच्या वांग्या-दोडक्यांच्या जोरावर सभासद झालेली, कमिटीत नवी. माझ्याकडे खुर्च्या, चहा आणि चिठ्ठ्या. शिरोळ तालुक्यातल्या आमच्या गावाहून आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, मी मुद्दाम बोलावून घेतलं होतं. सत्तरी ओलांडली तरी पडदा म्हटलं की माणूस ताजातवाना होतो. त्यांना तिसऱ्या रांगेत कडेला बसवलं.

शनिवारी दुपारी पुरावरचा चित्रपट लागला. तो काढला होता लग्नांचं ड्रोन शूटिंग करणाऱ्या एका कोल्हापूरकराने. पावसाळ्यात लग्नं नसतात, म्हणून त्या मोठ्या पुरात त्याने ड्रोन नदीवर उडवला होता. बघावं तिकडे तांबडं पाणी, मधूनच नारळाचे शेंडे. मग एक घर आलं. स्लॅबवर दोन म्हशी, आणि त्यांच्या मधोमध खताच्या पोत्याची खोळ डोक्यावर घेतलेला म्हातारा. म्हशी अशा ऐटीत उभ्या होत्या की सगळा हॉल हसला. मीही हसले. निवेदनात आवाज म्हणत होता, "वारंवार इशारे देऊनही घर न सोडणारी ही माणसं. प्रबोधनाचा आणि शिक्षणाचा अभाव माणसाला कुठे नेतो, ते पाहा."

तेवढ्यात ड्रोन खाली आला आणि मला जिन्याचा निळा कठडा दिसला. तो रंग मी स्वतः दिला होता, लग्नाआधीच्या दिवाळीत. मी आबांकडे पाहिलं. त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली होती आणि ते टोपीकडेच बघत बसले होते. मला माझी लाज वाटली, आणि लाजेच्या मागोमाग असा राग आला की चित्रपटाचा पुढचा भाग मी पाहिलाच नाही.

दिवे लागले. अध्यक्षबाईंनी जाहीर केलं, की प्रश्न चिठ्ठीवर लिहून द्यावेत, निवडक प्रश्न घेतले जातील. मी कोऱ्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा त्यांच्यापुढे ठेवला आणि माइक मागितला.

"अहो, तुम्ही तर आपल्या कमिटीतल्या," त्या हळूच म्हणाल्या. "चिठ्ठी द्या ना."

"चिठ्ठीत मावणार नाही," मी म्हटलं आणि माइक घेतला.

मी सांगितलं, ते माझं माहेर आहे. तो म्हातारा माझा बाप आहे, आणि तो तिसऱ्या रांगेत बसलाय. इशारे त्याला पोचले होते. माझा भाऊ, वहिनी, मुलं सगळी बोटीतून गेली. बोटीत जनावरांना जागा नव्हती, म्हणून हा मागे राहिला. प्रबोधनच म्हणाल तर मी इथून फोनवर घसा फोडून करत होते, म्हशी सोडा आणि बोटीत बसा. आणि मघाशी तुम्ही हसलात तेव्हा मीही हसले. हे शेवटचं बोलणं जिवावर आलं, कारण बाप ऐकत होता. पण बोलले.

अध्यक्षबाई मनाने वाईट नाहीत. त्या म्हणाल्या, उद्या हाच चित्रपट पुन्हा आहे, तेव्हा तेवढा भाग कापून टाकू, वाद नको.

आबा उठून उभे राहिले. "कापू नका. चित्र खरं हाय. वरचं बोलणं तेवढं काढा, तितं मी बोलतो."

कमिटीतल्या एका गृहस्थांनी विचारलं, काय बोलणार ते आधी लिहून दाखवाल का?

"लिवायचं काय त्यात? माझंच घर हाय की."

ड्रोनवाला मागे भिंतीला टेकून उभा होता. त्याने घसा खाकरला. "आवाज बंद कराय दोन मिन्टं लागत न्हाईत, काका. करतो मी."

घरी येताना रिक्षात मी म्हटलं, "आबा, चुकलं माझं."

"त्यात काय? म्हस माडीवर चढल्यावर हसू येणारच की," ते म्हणाले. "तू म्हशी बघून हसलीस. त्यो बोलणारा मला बघून बोलत हुता." मला बरं वाटावं म्हणून ते असं म्हणाले असतील. तरी मला बरं वाटलं.

रविवारी हॉल भरला होता. काहीजण निव्वळ भांडण बघायला आले होते, हे मला ठाऊक आहे. तेच घर आलं, निवेदन थांबलं, लोक पुन्हा हसले. पडद्याच्या कडेला आबा उभे होते. हसणं संपेपर्यंत ते थांबले, मग दोन्ही हातांनी माइक धरून बोलले.

"म्हशी सोडल्या न्हाईत असं कुणी म्हणू नका. दोनदा सोडल्या. दावी कापली, पाण्यात घातल्या. दोन्ही बारीला पवत माघारी आल्या आन् दारात हुब्या ऱ्हायल्या. मग जिन्यानं वर घेतल्या. शिक्षान कमी हाय म्हणता, ते खरं हाय. जी पवत आपल्या दारात येती, तिला परत पाण्यात ढकलायचं, एवढं शिक्षान माझं झाल्यालं न्हाय."