भिंतीवरची प्रेमा

सिनेमाच्या सेटवर भुताला कोणी घाबरत नाही. भूत आमच्याच पंगतीला बसून वरणभात खातं आणि लोणचं नाही म्हणून कटकट करतं. प्रेताचं काम केलेला माणूस जाताना कॅमेऱ्याकडे बघून एकदा हसतो, की झालं, अशुभ टळलं. पण फोटोला हार घालायचा म्हटलं की भल्याभल्यांची पाचावर धारण बसते. जिवंत माणसाच्या फोटोला हार, त्यावर तोडगा नाही.

मी सहदेव, ड्रेसदादा. भुताच्या साडीला इस्त्री करायची आणि मग तीच फाडून चुरगाळायची, हे माझं काम. लवू परब आर्टवाल्यांतला. सेटवर कंदील हवा, पाळणा हवा, की लवू कुठूनतरी घेऊन येणार. मूळचा मालवणकडचा. वडिलांची गिरणी बंद पडली तेव्हा हा फिल्मसिटीत खिळे ठोकायला लागला, तो अजून तिथेच आहे. दिंडोशीला म्हाडाच्या खोलीत एकटा राहतो. बायको प्रेमा दोन वर्षांपूर्वी तापाने गेली. मूलबाळ नाही.

उभा जन्म कॅमेऱ्याच्या मागे काढला, पण या माणसाकडे बायकोचा एक व्हिडिओ नाही. मोबाइल समोर धरला की प्रेमावहिनी तोंडावर हात घ्यायच्या. बँकेत खातं उघडताना काढलेला तेवढा एक फोटो, तोच मोठा करून भिंतीवर लावलेला. त्यात ओठ घट्ट मिटलेले. एकदा चहा पिता पिता लवू म्हणाला, "तिचा हसणा इसरत चाललंय रे, सहदेवा." मी चहा संपवला.

मग तो भुताचा सिनेमा आला. मढच्या बंगल्यात शूटिंग. मेलेल्या सुनेचा फोटो भिंतीवर हवा होता. त्यासाठी आणलेल्या बाईने चंदनाचा हार बघितला आणि "माझी पोरं लहान आहेत" म्हणत सरळ रिक्षा पकडली. काम अडलं. दुसऱ्या दिवशी लवू पिशवीतून प्रेमावहिनींचा फोटो घेऊन आला. मी त्याला बाजूला घेऊन झापला. "डोकं फिरलंय का तुझं?"

"तिका हार घातलो तरी तिचा काय वाकडा होतला? ती गेलीच मां," तो म्हणाला.

डायरेक्टर अनिरुद्ध पोरगेलासा, पण माणूस बरा. लवूने खरं काय ते सांगितलं, तसा त्याने फोटो हातात घेऊन नीट बघितला. मग म्हणाला, "काका, नीट विचार करा. पुढे कंप्युटरवर हा फोटो मान वळवणार आणि हसणार."

"हसेल?" लवूने विचारलं. त्याचं तोंड उजळलं. त्या एका शब्दासाठी त्याने बायको देऊन टाकली.

सिनेमा लागला तेव्हा गोरेगावात दुपारच्या खेळाला आम्ही दोघं गेलो. लवू कडक इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. पडद्यावर प्रेमावहिनींनी मान वळवली. ओठ उघडले, त्या हसल्या, आणि डोळे पांढरेफटक झाले. थिएटर किंचाळलं. पुढची पोरगी आईच्या कुशीत शिरली. माझं डोकंच सणकलं. ज्या बाईने कधी कोणाला मोठ्याने हाक मारली नाही, तिला बघून लोक डोळे झाकत होते.

लवू पुढे वाकून बघत होता. "ही ती न्हय," तो हळूच म्हणाला. "पण मान तशीच वळवता."

मला वाटलं, विषय संपला. कसला संपतोय! बोरिवली, कांजूरमार्ग, जिथे सिनेमा असेल तिथे हा एकटा जाऊन बसायचा. मी ओरडायचो, अरे, कंप्युटर आहे तो. "म्हाईत आसा," म्हणायचा आणि पुन्हा जायचा. सगळे डोळे झाकायचे, तेव्हा तो एकटाच बघत असायचा.

सिनेमा उतरला. एका रविवारी मी त्याच्या खोलीवर गेलो. फोटो परत भिंतीवर आला होता, पण लवू त्याच्याकडे पाठ करून चहा टाकत होता.

"डोळे मिटले की तीच येता, सिनेमातली," तो म्हणाला. "आमची प्रेमा येतच नाय. तू जेवूक येय होतंस मां आमच्याकडे? ती कशी हसायची, ता सांग."

मी सांगायला तोंड उघडलं आणि माझ्याही डोळ्यांसमोर तीच आली, पांढऱ्या डोळ्यांची. दुसरं काही आठवेना. शरम वाटली. तरी बोलायला लागलो. म्हटलं, तिखट आमटीने तुझं नाक गळायला लागलं की वहिनी आधी आवाज न करता हसायच्या, नुसते खांदे हलायचे, मग पदराने डोळे पुसायच्या. सगळं मनाने रचलेलं.

चहा उतू गेला. लवूने गॅस बंद केला नाही, मीच केला.

"होय," तो म्हणाला, "तशीच." आणि माझ्यासमोर येऊन बसला. "आणखी सांग."