हळदीवरचं माझं भाषण

मित्रहो, आज वलगावला बोलायला गेलो होतो. तिथे जे झालं ते लिहून टाकतो.

मी अमरावतीच्या एका कॉलेजात औषधशास्त्र शिकवतो. विषय नेहमीचाच, हळदीतलं कर्क्युमिन आणि मधुमेह. प्रयोगात उंदरांची साखर कशी कमी झाली, माणसांवरच्या छोट्या प्रयोगांतही थोडी आशा कशी दिसते, ते रंगवून सांगत होतो. टाळ्या पडत होत्या.

तेवढ्यात पुढच्या रांगेतल्या एक काकू उभ्या राहिल्या. "सर, मांगच्या साली माह्या मालकानं तुमचं हेच भाषण आयकलं. घरी येऊन शुगरच्या गोया बंद केल्या अन् हळदीचं दूध सुरू केलं. त्याईचा पाय कापा लागला."

मी म्हणालो, "पण काकू, गोळ्या बंद करू नका असं मी सांगितलं होतं."

"कधी?"

"शेवटी."

"शेवटी चहा आला होता, सर. कोणी आयकूनच नोयतं राह्यलं."

मागे कोणीतरी हसलं. काकू खाली बसल्या. मी माफी मागितली नाही. घसा खाकरून पुढची स्लाइड लावली.

तुमच्यातही शिकवणारे, बोलणारे आहेत. ज्या वाक्याला टाळ्या मिळत नाहीत, ते तुम्ही कुठे ठेवता?