साडूंनी घेतलेली गोळी

जगात जे काही नवं निघतं ते आधी रिसोडला आमच्या थोरल्या साडूंवर करून पाहावं आणि मगच इतरांच्या वाट्याला जाऊ द्यावं, अशी बहुधा ईश्वरी योजनाच असावी. कुणी कारल्याचा चहा सांगितला, साडूंनी महिनाभर प्याला आणि पाहुण्यांनाही पाजला. कुणी उलटं चालायला सांगितलं, तर ते थेट स्टँडवर उभ्या असलेल्या मेडशीच्या एस.टी.ला पाठीने धडकले आणि वर ड्रायव्हरलाच समोर बघून गाडी चालवायला सांगून आले. इतकं करूनही वजन हटलं नाही. जीपमध्ये ते बसले की त्यांच्या मागे उभ्या असलेल्या माणसाला पुढच्या गाडीची वाट बघावी लागे.

गेल्या वर्षी त्यांनी वजन उतरवणाऱ्या एका नव्या गोळीच्या चाचणीत नाव दिलं. गोळी बाजारात यायला अजून अवकाश होता. माणसाला ती सोसते का, एवढंच आधी पाहायचं होतं. नागपूरला भरती राहायचं, रक्त द्यायचं आणि शरीरात जे जे वाटेल ते सांगायचं. ही शेवटची अट ऐकून मला तिथल्या सिस्टरांची दया आली. साडूंनी शिंक, उचकी, स्वप्नं, सगळं सांगितलं. मिळालेली गोळी औषधाची की नुसतीच साखरेची, हे तिथल्या डॉक्टरांनाही ठाऊक नव्हतं. साडूंना मात्र पहिल्याच जेवणात कळलं. फोनवर म्हणाले, "खरीच हाय. वरण पाह्यलं अन् पोट भरलं."

मग एका सकाळी त्यांची छाती धडधडायला लागली. सांगितलं तर नाव कमी होणार, हे माहीत असूनही त्यांनी लगेच सांगितलं. गोळी बंद झाली. धडधड थांबेपर्यंत डॉक्टरांनी ठेवून घेतलं आणि मग ठणठणीत घरी पाठवलं.

भेटायला गेलो तेव्हा मी रागावलोच, की या वयात हे उद्योग कशाला. आत स्वयंपाकघरात ताई, म्हणजे माझी मेहुणी, ओट्याला धरून सावकाश उठत होत्या. गुडघ्याच्या ऑपरेशनआधी वजन उतरवा, असं त्यांना डॉक्टरांनी बजावलं होतं. साडू आवाज खाली आणून म्हणाले, "उद्या हे गोळी तिले घ्या लागन. काही व्हायचं असन त पह्यले मले होऊ दे ना."

ती गोळी बाजारात येईल की नाही, कोण जाणे. हल्ली संध्याकाळी दोघं गावाबाहेरच्या रस्त्याने चालायला जातात. ताई थांबल्या की साडूही थांबतात, कमरेवर हात ठेवतात आणि आपल्यालाच दम लागलाय असं सांगतात.